कापडाचा प्रश्न आणि दाराचा प्रश्न

 

बायकांच्या इतिहासाच्या आजच्या भागात आम्ही कपड्यांबद्दल बोलणार आहोत. म्हणजे मुसलमान बायकांच्या बुरखा, चादर, ओढणी, पदर याबद्दल. गटाच्या बैठकीत हा विषय निघतो, पण निघतो तो कुजबुजत. गटात नवी आलेली बहीण बुरखा घालते, तिचा फोटो बँकेला द्यायचाय, तिला कसं सांगायचं? मुलगी नववीत गेली, आता डोक्यावर काय घ्यायचं यावरून घरात वाद पेटलाय, त्यात तिची शाळा तर सुटणार नाही ना? बाळंतपणाला पुरुष डॉक्टर आला तर काय करायचं? बुरखा घालून खुरपणी होते का, शिलाई मशीन चालवता येतं का?

हे प्रश्न रोजच्या जगण्यातले आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ते नवेही नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या बायकांना हेच प्रश्न पडले होते. त्यांनी उत्तरं कशी काढली, कुठे अडल्या, कुणी अडवलं, हे आज पाहू.

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवू. अंगावर काय घालायचं हा एक प्रश्न, आणि बाईनं घराबाहेर पडायचं की नाही हा दुसरा. बुरखा, चादर, नकाब, हिजाब, ओढणी ही कपड्यांची नावं. बाईला आत बसवणं, परक्या पुरुषाच्या नजरेलाच काय, आवाजालाही पडू न देणं, ती चाल वेगळी. तिला उत्तरेत परदा म्हणत, आपल्याकडे आणि दक्षिणेत गोषा म्हणत. गोषा फक्त मुसलमानांत नव्हता. आपल्याकडच्या कुलीन मराठा घराण्यांत गोषा होता, राजपुतांत घुंगट होता. आणि हा सगळा थाट परवडायचा कुणाला? ज्या घरात पाणी भरायला, सरपण आणायला, बाजारहाट करायला दुसरं माणूस होतं, त्याच घरातली बाई आत बसू शकत होती. शेतात राबणारी, विणकाम करणारी, डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी बाई, मग ती कुठल्याही धर्माची असो, पदर डोक्यावर घ्यायची, कमरेला खोचायची आणि कामाला लागायची. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी मुसलमान आजी अशाच. साडी किंवा लुगडं, पूर्ण बाह्यांचं पोलकं आणि डोक्यावरून पदर. तोच त्यांचा अदबशीर पोशाख होता, आणि त्यांना कुणी कमी मुसलमान म्हटलं नाही.

धर्माचं थोडक्यात सांगतो. कुराणातल्या सूरह नूरमध्ये याबद्दलची आज्ञा आहे. तिची सुरुवात पुरुषांपासून होते: नजर खाली ठेवा. त्यानंतर बायकांना सांगितलं आहे की नजर खाली ठेवावी आणि डोक्यावरची ओढणी छातीवरून घ्यावी. यापुढे किती झाकायचं यावर विद्वानांत मतभेद आहेत. पुष्कळ जण म्हणतात, चेहरा आणि हात उघडे चालतात. काही जण चेहराही झाकायला सांगतात. एक गोष्ट मात्र हजला जाऊन आलेल्या कुठल्याही खालाला विचारा. एहरामच्या अवस्थेत बाईनं चेहऱ्यावर नकाब बांधायचा नसतो. लाखो पुरुषांच्या गर्दीत, सगळ्यात पवित्र जागी, चेहरा उघडा. म्हणजे एकाच धर्मात जागा आणि वेळ पाहून पोशाख ठरतो, हे धर्म पाळणाऱ्या बायका कायम जाणून होत्या.

आता जाऊ बंगालमध्ये. रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावात, आज ते बांगलादेशात आहे, १८८० साली एका जमीनदाराच्या घरी रुकय्या नावाची मुलगी जन्मली. पाच वर्षांची झाल्यापासून तिला पडद्यात ठेवलं. पुरुषांपासून तर होतंच, पण घरी आलेल्या परक्या बायकांपासूनही लपावं लागायचं. पाहुण्या बायका आल्या की ही लहानगी घरातले कोपरे शोधत फिरायची. तिला बंगाली आणि इंग्रजी शिकवलं मोठ्या भावानं आणि बहिणीनं. लग्न झालं भागलपूरच्या सखावत हुसेन यांच्याशी. नवऱ्यानं शिकायला, लिहायला पाठिंबा दिला आणि मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये बाजूला ठेवले. १९०९ साली ते वारले. रुकय्यांनी त्याच वर्षी भागलपुरात पाच मुलींची शाळा काढली. तिथे टिकू दिलं नाही, तेव्हा १९११ मध्ये कलकत्त्याला आठ मुलींवर पुन्हा सुरुवात केली. ती शाळा आजही चालू आहे.

या रुकय्यांनी 'अवरोधबासिनी' नावाचं पुस्तक लिहिलं. ते १९३१ मध्ये निघालं. अवरोध म्हणजे कोंडून ठेवणं. पडद्यापायी काय काय घडतं याचे सत्तेचाळीस लहान-लहान किस्से त्यात आहेत. एक किस्सा असा. हजला निघालेल्या घरंदाज बायका कलकत्त्याच्या स्टेशनावर आल्या. बुरखे होतेच, तरी बरोबरच्या हाजीसाहेबांनी त्यांना फलाटावर बसवून वरून जाड सतरंजी टाकली. रेल्वेचा एक गोरा नोकर आला आणि म्हणाला, हे सामान इथून हलवा. हाजीसाहेब म्हणाले, सामान नाही, बायका आहेत. त्याला खरं वाटेना. त्यानं त्या गाठोड्यांना बुटानं ढोसलं. आतल्या बायकांनी इज्जतीपायी हूं की चूं केलं नाही.

दुसरा किस्सा वाचून आमच्या अंगावर काटा आला. रुकय्यांच्या नात्यातल्या एक बाई गाडी बदलताना बुरख्यात अडखळल्या आणि फलाट व गाडी यांच्या मधे पडल्या. हमाल उचलायला धावले. मोलकरणीनं त्यांना अडवलं: खबरदार, बीबीसाहेबांना हात लावाल तर! तिला एकटीला काही त्या उचलल्या गेल्या नाहीत. गाडी किती थांबणार? गाडी निघाली आणि त्या चिरडल्या गेल्या.

मैत्रिणींनो, हा किस्सा ऐकून कुणी म्हणेल, बघा, बुरख्यानं जीव घेतला. पण नीट बघा. अडखळायला बुरखा कारण झाला, जीव गेला तो "हात लावायचा नाही" या हुकुमानं. रुकय्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी १९०४ च्या आपल्या 'मोतीचूर' या पुस्तकात बुरख्यावर वेगळा लेख लिहिला आणि त्यात बुरख्याची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं, की अंग झाकणं हा माणसाच्या रीतभातीचा भाग आहे, त्यानं कुणी मागास होत नाही. बायका मागे राहिल्या त्या शिक्षण नाही म्हणून. कोंडून ठेवण्याचा अतिरेक मात्र थांबला पाहिजे. त्या स्वतः बुरखा घालत. बुरखा घालूनच त्या घरोघर जाऊन आयांना विनवत, तुमची मुलगी शाळेत पाठवा.

आणि शाळेत पाठवा म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच: जायचं कसं? शाळेनं मुलींसाठी मोटार-बस केली. पडदा मोडू नये म्हणून ती चारी बाजूंनी बंद. वर जाळीची बारीकशी पट्टी, तेवढाच उजेड, तेवढीच हवा. आत मिट्ट काळोख. मुली घाबरल्या, ओकल्या, चक्कर येऊन पडल्या. आई-बाप रागावले. मग बाजू उघडून तिथे पडदे लावले, तरी मुलींना त्रास व्हायचाच. आणि आता दुसरीकडून पत्रं येऊ लागली: वाऱ्यानं पडदे उडतात, मुली दिसतात, हे थांबवा, नाहीतर वर्तमानपत्रात छापू. म्हणजे बंद ठेवली तर मुली गुदमरतात, उघडली तर शाळेची बदनामी. रुकय्यांनी हे सगळं चिडून, हसून लिहून ठेवलं आहे. पण शाळा बंद केली नाही. १९३२ साली त्या वारल्या, तोवर त्यांनी शाळा चालवली.

तेवढ्यात कापडही बदलत होतं. डोक्यापासून पायापर्यंत एकसंध, डोळ्यांपुढे जाळी असलेला टोपीचा बुरखा घालून पायऱ्या उतरणं, मूल कडेवर घेणं, पैसे मोजणं अवघड. मग दोन भागांचा बुरखा आला. खाली कोटासारखा झगा, त्याला बाह्या, वर वेगळं डोकं झाकायचं कापड आणि उचलता येणारा नकाब. लोक त्याला तुर्की बुरखा म्हणत. हात मोकळे झाले. बाई पिशवी धरू शकली, तिकीट काढू शकली. शिंप्याच्या कात्रीनं केलेला हा बदल लहान दिसतो, पण कितीतरी मुली याच बुरख्यात शाळा-कॉलेजला गेल्या.

कुणी म्हणेल, या शिकल्यासवरल्या घरच्या गोष्टी. पण बुरख्यातली बाई कारभार करू शकते का? तर भोपाळकडे बघा. १८१९ ते १९२६ या काळात, मधली थोडी वर्षं सोडली, तर भोपाळ संस्थानावर चार बायकांनी एकीमागून एक राज्य केलं. पहिल्या कुदसिया बेगम. नवरा अचानक गेला, पदरात तान्ही मुलगी. त्यांनी पडदा सोडला आणि कारभार हातात घेतला. त्यांची मुलगी सिकंदर बेगम घोड्यावर बसून राज्यभर फिरायची. १८६३-६४ मध्ये त्या हजला जाऊन आल्या आणि त्या प्रवासाचं वर्णन लिहिलं. त्यांची मुलगी शाहजहान बेगम. पहिला नवरा वारल्यावर त्यांनी १८७१ मध्ये दुसरं लग्न केलं आणि पडदा घेतला, तरी गादी सोडली नाही. चौथ्या सुलतान जहान बेगम. त्या बुरख्यातच दरबार करत, १९११ मध्ये बुरख्यातच विलायतेला जाऊन आल्या. त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. पडदा का हवा यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आणि त्याच बाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत स्वतःहून चेहऱ्यावरचा पडदा दूर केला.

एकाच घराण्यात चार पिढ्या. पणजीनं पडदा सोडला, आजी तशीच राहिली, आईनं घेतला, मुलीनं आयुष्यभर घेतला आणि म्हातारपणी सोडला. चौघी नमाजी, चौघी राज्यकर्त्या. प्रत्येकीनं आपापलं ठरवलं.

याला जोडून आपल्या पुण्याची एक आठवण सांगायलाच हवी. जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. विषय होता मुलींचं शिक्षण. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड, मराठा घराण्यातल्या. त्यांनीही आयुष्याची बरीच वर्षं गोषात काढली होती आणि पुढे जाहीरपणे गोषा सोडला होता. दुसरं अधिवेशन १९२८ मध्ये दिल्लीला झालं. त्याच्या अध्यक्ष भोपाळच्या सुलतान जहान बेगम. एक गोषातून आलेली, एक पडद्यातून आलेली. दोघींनी लागोपाठ एकाच व्यासपीठावरून देशातल्या बायकांसाठी शाळा मागितली.

शाळेचं झालं, आता दवाखान्याचं. मद्रासला मेरी शार्लिब नावाची इंग्रज बाई नवऱ्याबरोबर आली होती. तिनं पाहिलं की गोषातल्या बायका बाळंतपणात मरतात, पण पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत. तिनं त्या बायकांना दोष देत बसण्याऐवजी स्वतः वैद्यकी शिकायला घेतली, मद्रासला आणि मग लंडनला. १८८५ मध्ये मद्रासमध्ये खास अशा बायकांसाठी बायकांनी चालवलेलं रुग्णालय उभं राहिलं. लोक त्याला आजही गोषा हॉस्पिटल म्हणतात. पुढच्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, तिथेही बायकांवर उपचार करायला बाई डॉक्टर. आपल्या मुंबईच्या डॉक्टर रखमाबाई सुरत आणि राजकोटला अशाच जनाना इस्पितळांत आयुष्यभर राबल्या. निवृत्त झाल्यावर १९२९ मध्ये त्यांनी पडदा मोडला पाहिजे असं जोरात लिहिलं. पण आधी तीसेक वर्षं त्यांनी पडद्यातल्या बायकांना तपासलं होतं, औषध दिलं होतं. आधी पडदा सोड, मग नाडी बघते, असं त्या म्हणाल्या नाहीत.

आता एक उदाहरण देशाबाहेरचं, कारण हुकूम काढून कपडे बदलले तर काय होतं हे त्यात चांगलं दिसतं. इराणच्या शहानं जानेवारी १९३६ मध्ये चादर घालायला बंदी केली. हेतू सांगितला बायकांच्या प्रगतीचा. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरच्या चादरी ओढू लागले. झालं काय? चादरीवाचून बाहेर पडायची ज्यांना लाज वाटत होती, त्या बायका घरातच बसल्या. सार्वजनिक न्हाणीघरात जाणंसुद्धा त्यांनी सोडलं. पुढे १९७९ मध्ये राज्य उलटलं. नव्या सरकारनं उलटा हुकूम काढला: डोकं झाकलंच पाहिजे. १९८३ मध्ये त्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या बावीस वर्षांच्या मुलीला डोक्यावरचं कापड नीट नाही म्हणून पकडलं आणि ती पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. त्यानंतर हजारो बायका रस्त्यावर आल्या. आधी चादर ओढणारा हात सरकारी होता, नंतर चादर घालायला लावणारा हातही सरकारीच. बाईला विचारलं कुणीच नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न कोर्टात गेला आहे. कर्नाटकात २०२२ साली वर्गात हिजाब घालायला मनाई झाली. उच्च न्यायालयानं मार्चमध्ये ती मनाई योग्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. एकांनी मनाई मान्य केली. दुसरे न्यायमूर्ती धुलिया यांनी विचारलं की हिजाब घालते म्हणून मुलीला शिक्षण नाकारलं तर तिचं आयुष्य सुधारणार आहे का? प्रकरण मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. कायद्याचं जे व्हायचं ते होईल. पण त्या न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न रुकय्यांच्या बसमधलाच आहे. मुलगी शाळेत पोचते की नाही?

म्हणून आमच्या मते गटानं, शाळेनं, घरानं हा एकच प्रश्न आधी विचारावा. या बहिणीला दार उघडं आहे का? दार उघडं असेल तर कापडाचं ती बघून घेईल. आणि दार उघडं ठेवायला काय करावं, ते आता कामाच्या भाषेत सांगतो.

फोटोचं. आधार कार्डाला डोकं झाकलेलं चालतं, चेहरा मात्र पूर्ण दिसावा लागतो. तेव्हा बहिणीला आधीच सांगा, ओढणी नीट घेऊन ये, नकाब तेवढा फोटोपुरता वर कर. जमेल तिथे फोटो काढायला बाई असू द्या. चारचौघांत "तोंड उघड" असं ओरडू नका.

मतदानाचं. ओळख पटवायला चेहरा दाखवावा लागतो, पण तो महिला कर्मचाऱ्यासमोर दाखवता येतो. निवडणूक आयोगाच्या नियमांत तशी सोय आहे. आपल्या गावच्या केंद्रावर महिला कर्मचारी आहे का, हे गटानं मतदानाच्या आधीच विचारून ठेवावं.

दवाखान्याचं. सातव्या-आठव्या महिन्यातच आशाताईला विचारा, बाई डॉक्टर कुठल्या दवाखान्यात आणि कोणत्या दिवशी असते. पण रात्री-अपरात्री कळा आल्या, अंगावरून जायला लागलं, आणि समोर पुरुष डॉक्टर असला, तर एक मिनिटही घालवू नका. जीव वाचवण्यासाठी पुरुष डॉक्टरला दाखवायला धर्माची आडकाठी नाही, हे मौलवीसाहेबही सांगतील. फलाटाखाली गेलेल्या त्या बाई आठवा.

कामाचं. हे सगळ्याच जातीधर्मांच्या बायकांसाठी. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, मोटारसायकल, यांच्याजवळ लोंबणारं कापड जीवघेणं असतं. मग तो बुरखा असो, ओढणी असो की साडीचा पदर. ओढणी मागे बांधा, पदर कमरेला खोचा. डोकं झाकायचं तर घट्ट रुमाल किंवा पिनेनं बसवलेला हिजाब घ्या. अंगभर शर्ट वरून चढवला की अंगही झाकतं आणि हातही मोकळे राहतात. उन्हाळ्यात कापड सुती असावं. जाड काळ्या नायलॉनमध्ये दुपारी काम केलं तर चक्कर येणारच.

बैठकीचं. गटाची सभा देवळाच्या ओट्यावर किंवा पारावर भरत असेल आणि एखादी बहीण येत नसेल, तर ती का येत नाही हे तिच्या घरी जाऊन विचारा. जागा बदलली, शाळेच्या खोलीत घेतली, वेळ दुपारची केली, तर कदाचित ती येईल. एक सभा तिच्याही अंगणात घ्या.

घरातल्या वाडवडिलांनाही आम्हाला दोन शब्द सांगायचेत. मुलगी बुरखा घालायला तयार आहे, तरी तिला कॉलेजला पाठवत नसाल, तर मग कारण कापड नाही. आणि मुलगी बुरखा नको म्हणते म्हणून तिची शाळा बंद करत असाल, तर सूरह नूरमध्ये पहिली आज्ञा कुणाला आहे ते एकदा पुन्हा वाचा.

या महिन्यात प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्या गावातल्या मोठ्या बायांना, सगळ्या समाजांतल्या, विचारावं: तुमच्या तरुणपणी बाहेर पडताना काय घालत होता? कोण ठरवायचं? कुठे जायला मनाई होती? जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा, गावाचं आणि साल आठवलं तर सालाचं नाव घालून. आमच्याकडे पाठवा, आम्ही रेडिओवर वाचू. रुकय्यांनी सत्तेचाळीस किस्से लिहून ठेवले म्हणून ते आज आपल्याला कळले. आपल्या आज्यांचे अजून कुणी लिहिलेले नाहीत.